एकाच बंबावरचे दोघे

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, जेवण आटोपत आलं तरी हरिओम मुलीशी एक शब्द बोलला नव्हता. आमरस वाढायला प्रेरणा त्याच्या ताटाशी वाकली, तेव्हा त्याने वाटीवर हात धरला. मागून त्याची बायको सुवर्णा आली, तेव्हा हात काढला. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. झुंबरबाईंनी पाहिलं आणि लेकाच्या वाटीत स्वतःच्या हाताने आणखी एक पळी रस ओतला, म्हणजे त्या कोणाच्या बाजूने आहेत हे कोणाला विचारायला नको.

भांडण आठ दिवसांचं होतं. प्रेरणाची महानगरपालिकेच्या अग्निशमन दलात निवड झाली होती. धावणं, दोरावर चढणं, पन्नास किलोचं पोतं खांद्यावर टाकून पळणं, सगळं तिने पार केलं होतं आणि मंगळवारी तिला हजर व्हायचं होतं. हरिओमने पत्र उभ्याउभ्या वाचलं, पुन्हा तशीच घडी घातली आणि मोटार रिवायंडिंगच्या आपल्या दुकानात निघून गेला. संध्याकाळी परत आल्यावर एवढंच म्हणाला, "या घरातून एक मानूस बंबावर गेला. तेवढा पुरे."

तो एक माणूस म्हणजे त्याचे वडील शेषराव सोनोने. मलकापूरच्या बंबावर एकतीस वर्षं. निवृत्त होऊन अठरा-एकोणीस वर्षं झाली तरी गावात त्यांना 'बंबवाले शेषराव' म्हणत. लग्नाच्या पंगतीत असोत, सलूनमध्ये असोत की घरात, ते दाराजवळची जागा धरून बसत. या आठ दिवसांत ते नातीच्या बाजूने बोलले नव्हते आणि विरुद्धही बोलले नव्हते. प्रेरणाची सगळी आशा त्या गप्प बसण्यावर होती.

"आत्या, आता लाव," ती हळूच पुष्पांजलीच्या कानात म्हणाली.

पुष्पांजली म्हणजे हरिओमची धाकटी बहीण. हिवरा आश्रम या गावी शाळेवर शिकवायची आणि आखाजीला माहेरी आली होती. भाचीच्या बाजूने उघडपणे बोलणारी घरात ती एकटीच. सुवर्णाचं तसं नव्हतं. ती नवऱ्याचं ऐकून घ्यायची, मुलीचंही ऐकून घ्यायची आणि दुपारी दार लोटून मुलीच्या बॅगेत कपडे भरून ठेवायची.

पुष्पांजलीने फोन टीव्हीला जोडला. हरिओम उठला.

"मी दुकानात जातो."

"आखाजीले कोनाची मोटार जळते रे दादा? बस की."

"कायचा सिनेमा हाय?"

"सिनेमा नाई, बाबा," प्रेरणा म्हणाली. "खरे लोक आहेत. आमच्या ट्रेनिंगच्या सरांनी दाखवला होता. एक तास बसा फक्त. मंग जे म्हनसान ते."

आठ दिवसांत पहिल्यांदाच तिने 'जे म्हनसान ते' म्हटलं होतं. हरिओम दिवाणाच्या कडेला टेकला, चपला पायात ठेवूनच.

माहितीपट एका मोठ्या शहरातल्या अग्निशमन केंद्रावरचा होता. पहिली पंधरा-वीस मिनिटं घरात चांगली गंमत होती. घंटा वाजते आणि जवान अर्धा चहा टाकून धावतात, ते पाहून झुंबरबाई म्हणाल्या, "हे पाहा, तुमचीच जात." एका मुलीने चौथ्या मजल्यावरून शिडीने एक म्हातारा खाली आणला, तेव्हा पुष्पांजलीने मुद्दाम भावाकडे पाहिलं. हरिओमने पाहून न पाहिल्यासारखं केलं. पण चपला काढल्या होत्या. ते फक्त प्रेरणाच्या लक्षात आलं.

मग कापड बाजारातल्या आगीची गोष्ट आली. एक जाड मिशांचा अधिकारी केंद्राच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत होता. तिसऱ्या मजल्यावर एक बाई अडकली होती. त्याला ती दिसत होती. तिने हात पुढे केला होता. मध्ये आठ फूट जागा होती आणि खालची फरशी तापून फुगली होती. "मी गेलो असतो," तो म्हणाला. "मला अजूनही वाटतं, मी गेलो असतो." आणि एवढा मोठा माणूस टोपी तोंडावर धरून रडायला लागला. कॅमेरा हलला नाही. तो रडत राहिला आणि फिल्म चालत राहिली.

दाराकडून एक आवाज आला. कोणाला तरी ठसका लागावा तसा.

"बाबा?" हरिओम उठला.

शेषरावांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते आणि मान खाली होती. खांदे हलत होते. या घरात कोणी त्यांना रडताना पाहिलेलं नव्हतं. स्वतःच्या आईला अग्नी देताना नाही, पुष्पाच्या पाठवणीला नाही. म्हणून आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. झुंबरबाईंना वाटलं छातीत कळ आली. त्या लोटा घेऊन धावल्या. सुवर्णाने पंखा वाढवला. प्रेरणाने घाबरून फिल्म थांबवली.

"बंद नको करू," शेषराव म्हणाले. त्यांनी लोटा बाजूला सारला. "चालू ठेव. बोलू दे त्याले."

"आबा, बरं नाई वाटत का तुम्हाला?"

"हा मानूस रडून राह्यला, बेटा. टीव्हीवर. साऱ्याइच्या समोर." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. डोळे पडद्यावरच होते. "आन त्याले कोनी नोकरीवरून काहाडलं नाई?"

"नाई आबा. तो तर आता मोठा साहेब आहे."

"साहेब हाय," शेषराव स्वतःशीच म्हणाले.

प्रेरणाने फिल्म पुन्हा सुरू केली. अधिकाऱ्याच्या शेजारी आता दुसरा माणूस येऊन बसला होता. काटकुळा, पांढऱ्या दाढीचा. मीच याचा पट्टा मागून धरला, तो सांगत होता. सोडला असता तर दोघंही गेले असते, हा आणि ती बाई. बाहेर आल्यावर याने मला मारलं. तीन महिने माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस जेवताना डबा उघडला आणि अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली.

"तीन महिने," शेषराव म्हणाले आणि हसले. हसता हसता त्यांचं तोंड पुन्हा वाकडं झालं. "तीन महिने म्हनते तो. आयकलं का हरीची माय? तीनच महिने."

झुंबरबाई लोटा हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांच्या मनात एक नाव आलं. ते या घरात सत्तावीस वर्षं कोणी घेत नव्हतं.

"कय्यूमभाऊ?" त्यांनी विचारलं.

शेषरावांनी होकारार्थी मान हलवली.

कय्यूम शेख बंबाचा ड्रायव्हर. शेषराव नळीवर आणि कय्यूम गाडीवर, अशी ती जोडी होती. ईदचा शीरखुर्मा सोनोन्यांच्या घरी यायचा आणि दिवाळीचा डबा कय्यूमकडे जायचा. मग एका उन्हाळ्यात ते येणंजाणं तुटलं. पुढची आठ वर्षं दोघं एकाच बंबावर बसले, पण कामापुरतंच बोलले. लोकांनी कारणं लावली. कोणी म्हणे बढतीवरून, कोणी म्हणे प्लॉटवरून. घरात विचारलं तर शेषराव उठून बाहेर जायचे. कय्यूम निवृत्त होऊन आपल्या गावी, रोहिणखेडला, निघून गेला तेव्हाही हे त्याला निरोप द्यायला गेले नव्हते.

"पुष्पाची धाव्वीची परीक्षा चालू होती," शेषरावांनी सुरुवात केली. कोणी विचारलं नव्हतं. "बायपासच्या पलीकडे ती कापसाची जिनिंग होती ना, आता तिथी गोडाऊन झाले, तिले आग लागली. रुईची आग म्हंजे कशी असते सांगू? वरून इझल्यासारकी दिसते, अंदरून चालत जाते. आमाले सांगतलं, साऱ्या बाया बाहेर निंघाल्या. मानसं कमी होती, म्हनून म्या आन कय्यूम पाइप घेऊन अंदर घुसलो. मांग गाठी रचेल होत्या, छतापावतर. त्याच्या मांगून पत्रा वाजला."

प्रेरणाने टीव्हीचा आवाज बंद केला होता. पडद्यावर माणसं मुकाट्याने शिड्या चढत होती.

"कोनीतरी हातानं पत्रा ठोकून राह्यलं होतं. धडाड, धडाड, धडाड. तीन बार. म्या पाइप टाकला आन तिकडे गेलो. चार पावलं गेलो असन. कय्यूमनं मांगून पट्टा धरला आन असं वढलं, असं वढलं का मी पाठीवर पडलो. उठलो तं त्यानं पुन्ना वढलं. आन छत खाली आलं."

"आन ती?" पुष्पांजलीने विचारलं, पण तिला उत्तर ठाऊक होतं.

"एक बाई होती. नाव मले मंग समजलं. मी घेत नाई ते." त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. "बाहेर आल्यावर म्या कय्यूमले इचारलं, आवाज आयकला ना तू? तो म्हने, कोनता आवाज? म्या म्हटलं, पत्र्याचा. तो म्हने, काईच नोयतं बे शेष्या, तुले भास झाला. माया तोंडावर म्हने. साहेबानं इचारलं, तवाबी तेच म्हने. मंग म्या त्याच्याशी बोलनं सोडलं."

बाहेर मालगाडी गेली आणि भिंतीवरच्या फोटोंच्या काचा थरथरल्या.

शेषरावांनी नातीकडे पाहिलं. "प्रेरणा, नको जाऊ बेटा."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आबा?"

"तुहा बाप बरोबर बोलून राह्यला. मरन्याचं काई नाई. मेलो असतो तं सुटलो असतो. पन जित्तं राहून हे घेऊन बसा लागते. तू नको जाऊ."

ज्याच्या भरवशावर ती आठ दिवस उभी होती तोच माणूस समोरच्या बाजूला जाऊन बसला होता. आणि त्याला तिकडे तिच्याच फिल्मने नेलं होतं. प्रेरणा उठून आत गेली नाही, रडलीही नाही. तिने फक्त रिमोट दिवाणावर ठेवला.

हरिओमला हवं ते मिळालं होतं. पण त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. तो वडिलांच्या हातांकडे पाहत होता.

*

झुंबरबाईंनी लोटा खाली ठेवला आणि नवऱ्यासमोर जमिनीवर बसल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा खाली बसत नसत.

बंबाचा त्यांना आयुष्यभर राग होता. धुराचा वास धुऊन न जाणाऱ्या वर्दीचा राग होता. पुष्पा जन्मली त्या दिवशी हे कडब्याच्या गंजीवर पाणी मारत होते. हरिओमच्या लग्नात अक्षता पडायच्या वेळी नवरदेवाचा बाप मांडवात नव्हता. आता नातीनेही तेच करावं, हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. म्हणूनच त्या आठ दिवस लेकाच्या बाजूने होत्या. पण आत्ता दाराशी बसलेल्या या म्हाताऱ्याकडे पाहताना त्यांना दुसरंच काही आठवत होतं. ते त्यांनी कोणाला कधी सांगितलं नव्हतं.

"मी तुमाले एक गोष्ट सांगतली नाई," त्या म्हणाल्या. "बाजारात मेथी घेऊन बसते, ती वडनेरची बाई हाय ना?"

"कोनती?"

"तुमाले काय मालूम, तुमी कधी भाजी आनली? तिचं पोरगं तुमी विहिरीतून काहाडलं होतं. चार वर्साचं. आता ते ट्रॅक्टर चालवते. ती बाई दर बाजाराले मले एक जुडी वरून टाकते. वीस वर्सं झाले. आन तो स्टँडासमोरचा चहावाला. त्याच्या टपरीतला गॅस तुमी हातानं उचलून बाहेर फेकला, म्हने. मी तिथून गेली का उठून उभा राह्यते. मले लाज वाटते. आन ती एक पोट्टी, बँकेत लागली ती. मले पायावर डोकं ठेवून म्हने, आजी, त्या दिवशी शाळेत आजोबा आले नसते तं मी इथी नसती."

शेषराव बायकोकडे बघत राहिले. "मले कधी सांगतलं नाई तू."

"कायले सांगू? सांगतलं असतं तं तुमी अजून पाच वर्सं काहाडली असती त्या बंबावर!"

पुष्पांजलीला हसू आलं आणि तिने पदर तोंडाला लावला. शेषरावही किंचित हसले.

"तुमाले एकच बाई दिसते," झुंबरबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "बाकीचे मले भेटतात बाजारात. मी रागानं तुमच्यापावतर आनलेच नाई. चुकलं माहं." मग त्या लेकाकडे वळल्या. "हरी, जाऊ दे पोरीले."

"माय!" हरिओम उठून उभा राहिला. "तूबी? आत्ता आयकलं ना तू, काय झालं ते? सत्तावीस वर्सं हा मानूस दारापाशी बसला! माही पोरगी बसवू मी तशी?"

"एकटे बसले म्हनून असे झाले ते. घरात कोनाले कळत होतं का त्याइचं? मले कळलं? तुले? आज पयल्यांदा तोंड उघडलं, तेबी पोरीनं दाखवलं म्हनून. ती गेली तं या घरात त्याइचं बोलनं समजनारं एक मानूस तरी होईन."

"बाबा स्वतः म्हनतात नको."

"ते तं म्हनतीनच. ते कय्यूमभाऊले काऊन भेटत नाई, ते इचार आधी."

ते बोलणं हरिओमच्या वर्मी लागलं. तो खुंटीकडे गेला आणि व्हॅनची चावी काढली.

"चला बाबा," तो म्हणाला.

"कुठी?"

"रोहिणखेडले. तुमाले जे इचाराचं ते इचारा एकदाचं. मलेबी इचाराचं हाय. त्या मानसानं मले गाडी शिकवली. बंबाच्या मोकळ्या टाकीवर बसवून गावभर फिरवलं. आन एक दिवस तुमी सांगतलं, त्याच्या घरी जाचं नाई. काऊन ते सांगतलं नाई. मी वीस वर्साचा होतो, बाबा. मी दोन वर्सं चोरून जात होतो ईदेले."

शेषरावांना हेही माहीत नव्हतं. ते खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले आणि शेवटी उठून टोपी शोधू लागले. सुवर्णाने ती आधीच हातात धरली होती. दुसऱ्या हातात कापडात बांधलेल्या पुरणपोळ्या होत्या. "मामाजी, सणाचं रिकाम्या हातानं नका जाऊ," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे न पाहता मुलीला पुढे ढकललं. "तूबी जाय."

*

मोताळ्याच्या रस्त्याला चारचं ऊन होतं. हरिओमने आरशातून दोनदा मुलीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे दोरावर चढून चढून रुंद झाले होते, हे त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

रोहिणखेडमध्ये जुन्या मशिदीमागच्या गल्लीत कय्यूमचं घर होतं. दार नूरजहांने उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेली ती बाई क्षणभर तिघांकडे बघत राहिली. मग तिने हात कपाळावर मारून घेतला.

"या अल्ला! अजी, सुनो! शेषरावभाऊ आले!"

ओसरीतल्या बाजेवर कय्यूम पडला होता. तो कोपरावर उठला. गुडघे गेले होते, एका कानाने ऐकू येत नव्हतं, पण मान पूर्वीसारखी ताठ होती. त्याने शेषरावांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मेलो का पाहाले आला?" तो म्हणाला.

"नाई. इचाराले आलो."

"बस मंग."

शेषराव बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. नूरजहांने पाणी आणलं. हरिओम आणि प्रेरणा खांबाजवळ उभे राहिले. तिने बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"कय्यूम," शेषराव म्हणाले, "पत्रा वाजला होता का नोयता?"

कोणती आग, कोणता पत्रा, हे कय्यूमने विचारलं नाही. त्याने बायकोकडे पाहिलं, मग अंगणातल्या बकरीकडे.

"वाजला होता," तो म्हणाला.

शेषरावांनी हातातला पेला खाली ठेवला.

"मंग खोटं काऊन बोलला बे?"

"तुयासाठी." कय्यूम उठून बसला. "तू बाहेर आला तं तुया डोयात पाह्यलं म्या. म्हटलं, हा पागल होईन. याले सांगतलं आवाज आला होता, तं हा जिंदगीभर तिथीच राहीन, अंदर. म्हटलं, भास झाला सांगू. मंग हळूहळू त्यालेच वाटन का खरंच भास होता. झोप लागन त्याले. एवढंच डोकं होतं माहं, शेष्या. ड्रायव्हर मानूस."

"मले वाटलं, मीच येडा हाय. साऱ्या दुनियेत आवाज मलेच आला."

"मालूम हाय."

"तुले मालूम होतं? आन आठ वर्सं बाजूले बसून तू..."

"कसं सांगू? एकदा खोटं बोललो. मंग तू तोंडच फिरवलं."

शेषराव खाली बघत होते. "तीन बार वाजवला तिनं," ते हळू म्हणाले.

कय्यूमने मान हलवली. "चार."

"तीन."

"चार बार, शेष्या. तू तीन आयकले. तुले दुसऱ्यांदा वढलं, तू ओरडून राह्यला होता. तवा अजून एक बार वाजला. तो म्या एकट्यानं आयकला."

हरिओम कय्यूमचाचाला जाब विचारायला आला होता. आता त्याच्याकडे विचारायला काही उरलं नव्हतं. बाजेवरचे दोघे म्हातारे एकमेकांकडे बघत नव्हते. शेषरावांनी हात सरकवत नेला आणि कय्यूमच्या मनगटावर ठेवला. कय्यूमने दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. मग तो रडायला लागला आणि शेषराव त्याला "असू दे, असू दे" म्हणू लागले. लहान पोराला समजवावं तसं.

"सत्ताईस साल!" नूरजहां डोळे पुसत ओरडली. "एका गाडीवर बसून दोघं मुके! मी याले म्हनत होती, जा, बोलून टाक. तं म्हने, तो बोलतो ना मायाशी!"

"बोलत होता ना," कय्यूम रडता रडता हसला. "'पानी सोड.' 'पानी बंद कर.' आठ वर्सं एवढंच."

शेषरावही हसले. नूरजहांने सुवर्णाच्या पोळ्या ताटलीत काढल्या आणि कय्यूमने त्यातली एक, साखरेची बंदी असताना, तिच्या डोळ्यांदेखत तोंडात घातली. मग त्याचं लक्ष खांबाजवळच्या मुलीकडे गेलं.

"ही कोन? हरीची का?"

"हाव चाचा," हरिओम म्हणाला. "हिची निवड झाली. बंबावर."

वडिलांच्या तोंडून हे वाक्य प्रेरणा पहिल्यांदाच ऐकत होती. तिने चटकन मान वर केली.

"अच्छा!" कय्यूम ताठ बसला. "इकडे ये बेटा. सांग, आगीत घुसाच्या आधी काय पाह्यसीन?"

"बाहेर निघायची वाट."

"ते तं पाह्यसीनच. त्याच्या आधी?"

तिने डोकं खाजवलं. पुस्तकातलं सगळं आठवून पाहिलं. "हवा कुठून येते ते?"

"मांग कोन हाय, ते पाहाचं." कय्यूमने शेषरावांच्या पाठीवर थाप मारली. "मांग कोनी नसन तं घुसाचं नाई. आन जो मांग असन, त्यानं वढलं तं मुकाट्यानं मांग याचं. बाहेर येऊन त्याले शिव्या दे, मार, काईबी कर. पन बोलनं नको सोडू."

शेषराव नातीकडे बघत होते. मग म्हणाले, "आन काई झालं तं मले फोन करजो. तवाच्या तवा. मायले नाई, बापाले नाई. मले."

प्रेरणाने होकारार्थी मान हलवली. मग ती दोघांच्या मधोमध बाजेवर बसली आणि बाज इतकी करकरली की नूरजहां धावत आली.

चहा झाला, दुसरा चहा झाला. दोघे म्हातारे आता कोणत्या तरी जुन्या बंबाच्या बिघडलेल्या घंटेवरून भांडत होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. हरिओम व्हॅनकडे आला. मागून प्रेरणा आली. त्याने गाडीचं बॉनेट उघडलं. काही बिघडलेलं नव्हतं, तरी तो ऑइलची कांडी काढून बघत राहिला.

"बाबा," ती म्हणाली.

"मंगळवारी सकाळची गाडी हाय ना तुही?"

"हो."

त्याने कांडी पुसली आणि परत घातली. 

"तिथी गेल्यावर तुया जोडीले जो कोनी देतीन ना," तो बॉनेटमध्ये बघतच म्हणाला, "पोरगा असो का पोरगी, त्याचं नाव मले पयल्याच दिवशी सांगजो. नंबरबी देजो त्याचा. मले बोलाचं हाय त्याच्याशी."